लाईट टाकून गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर कळतो का?
कळतो की, पण लाईट म्हणजे साधी बॅटरी नव्हे वो. निळा-जांभळा उजेड पडला की आतला भाग स्वतःच थोडा चमकतो, पेशी बिघडायला लागल्या की खालच्या कोलॅजनची, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या धाग्यांची, चमक कमी होत्ये, तेवढा फरक मशीन पकडतंय, कापाकापी नाही. रामन स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे पेशींवरनं विखुरलेल्या उजेडाचा बदललेला रंग मोजायची रीत, ती पण उजेडाचीच, सी. व्ही. रामननी 1928 मध्ये शोधलेल्या परिणामावर चालणारी. खात्रीला मात्र बायोप्सीच लागते, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं.

पण खानापूर-निपाणीकडं बसून त्या मशीनची वाट कशाला बघायची? पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे व्हिनेगरच समजा, लावून मिनिटभरात डोळ्यांनी बघतात, पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी, 30 ते 65 वयाच्या बायकांनी दर 5 वर्षांनी करायची. आमच्या काकी लाजून टाळत होत्या, आशाताईच घेऊन गेल्या शेवटी.