आधी आयाळीचे केस, मग पैसे

मी टेक्सासमध्ये घोड्यांचा डॉक्टर आहे म्हटल्यावर इथल्या मराठी घरांतून प्रश्न येतच राहतात. मुलगी रायडिंग शिकते, बापाला घोडा घ्यायचा असतो आणि सल्ला दिलेला असतो विकणाऱ्याने.

क्वार्टर हॉर्स म्हणजे पाव रक्ताचा, संकरित घोडा का? (ह्यूस्टन)

नाही. ही घोड्यांची अमेरिकी जात, पाव मैलाच्या शर्यतीवरून पडलेलं नाव आहे.

ही जात काउबॉयनी तयार केली ना? (ऑस्टिन)

काउबॉय फार नंतर आले. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत लांब मैदानं नव्हती. गावच्या रस्त्यावर नाहीतर झाडी तोडून काढलेल्या पट्टीवर दोन घोडे सोडायचे आणि चारशे मीटरमध्ये निकाल. चिकासॉ या मूळ अमेरिकी जमातीकडचे स्पॅनिश वंशाचे घोडे आणि इंग्लंडहून आणलेले घोडे यांच्या मेळातून हे चपळ घोडे निघाले. १७५६ च्या सुमारास आलेल्या जेनस या थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या इंग्रजी जातीच्या घोड्याचा, त्यात मोठा वाटा. टेक्सासच्या गुरांमागे ते पुढे लागले. जातीची नोंद ठेवणारी संघटना झाली १९४० मध्ये, फोर्ट वर्थला. नोंदवहीतला पहिला क्रमांक टेक्सासच्या किंग रँचवरच्या विंपी या घोड्याचा, कारण १९४१ च्या प्रदर्शनात तो अव्वल ठरला. वासरासमोर लगाम सैल सोडला तरी हा घोडा आपणहून त्याची वाट अडवतो. ते मात्र खरंच बघण्यासारखं असतं.

थरोब्रेडपेक्षा वेगवान असतो? (पुणे)

पाव मैलापर्यंत, हो. पुढे नाही.

बारा वर्षांच्या मुलीला उंच पडेल का? (प्लेनो)

१४ ते १६ हँड, म्हणजे ५६ ते ६४ इंच. उंचीपेक्षा घोड्याचं वय आणि वळण बघा. तिच्या प्रशिक्षकांना सोबत न्या.

सारंगखेड्याच्या यात्रेत मिळेल का? (धुळे)

तिथे मारवाडी, काठियावाडी बघा. कुणी क्वार्टर म्हणून दाखवलाच तर नोंदणीचा कागद मागा.

विकणारा म्हणतो, "इम्प्रेसिव्हच्या वंशातला आहे, पुठ्ठे बघा! दोन गिऱ्हाइकं थांबलीत, शनिवारपर्यंत बयाणा द्या." काय करावं? (डॅलस)

शनिवार जाऊ द्या.

इम्प्रेसिव्ह हा घोडा शरीरयष्टीच्या प्रदर्शनातला १९७४ चा जगज्जेता. त्याची दोन हजारांवर शिंगरं झाली आणि त्यांतल्या अनेकांत त्याचा दोषही उतरला. नाव एचवायपीपी. स्नायूंच्या पेशीतलं सोडियमचं दार नीट मिटत नाही, रक्तात पोटॅशियम चढतं, अंग फडफडतं, घोडा कोसळतो, कधी मरतो. आई किंवा बाप, एकाकडून जनुक आलं तरी पुरतं. आणि चीड येते ती याची, की हेच घोडे फुगीर स्नायूंमुळे प्रदर्शनात बक्षिसं घेत होते. दोन्हीकडून दोष आलेल्या शिंगरांची नोंदणी २००७ पासून बंद झाली. एकाकडून आलेली अजून नोंदवली जातात, म्हणजे कागद खरा असूनही घोडा दोषी असू शकतो.

जानेवारीतल्या एका सकाळी मी एक घोडी बघायला गेलो होतो. माशी बसल्यासारखी तिच्या खांद्याची कातडी थरथरत होती. माशा कुठल्या, पाण्यावर बर्फ होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिसरी पापणी मध्येच बुबुळावर सरकायची. मालक म्हणाला, थंडी वाजतेय. त्याला विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं.

चाचणीला लागतात आयाळीचे मुळासकट उपटलेले केस. कात्रीने कापलेले चालत नाहीत. या जातीतल्या इतर आनुवंशिक दोषांची चाचणीही एकत्रच करून घ्या. त्यातल्या एका दोषात खोगिराखालची कातडी सोलून निघते आणि ते कळतं घोडा खोगिराला आल्यावर, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. केस तुमच्यासमोर उपटू द्या. खरेदीपूर्व तपासणीचा डॉक्टर तुम्ही निवडा, विकणाऱ्याचा नको.

अंग भरावं म्हणून लसूणघास द्यावा का? (सॅन अँटोनियो)

चाचणीआधी नाही. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मळीतही असतं. खुराक तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घोडी मागच्या महिन्यात थरथरून बसली, अर्ध्या तासात आपोआप उठली. आता ठीक आहे. पुन्हा झालं तर दाखवू का? (फोर्ट वर्थ)

पुन्हा झालं तर कदाचित उठणार नाही. आज फोन करा.