बागेतला जुना कोबा काढायला किती वॅटचा ब्रेकर घ्यावा?

तुमचा कोबा 10 बाय 12 फूट, 4 इंच जाड, आणि ब्रेकर, म्हणजे काँक्रीट फोडायचं विजेचं मशीन, विकत घ्यावा की भाड्याने, किती वॅटचा, असं तुम्ही विचारलंय. आधी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घ्या. याच गोष्टीवरून आमच्या घरात आठ वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव मोर्शी तालुक्यात. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात, बाबांनी तूर वाळवायला कोबा टाकला होता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कोबा तडकणारच. आईला तिथे लिंबू आणि कढीपत्ता लावायचा होता. एप्रिलमध्ये दादाने तालुक्याहून ब्रेकर भाड्याने आणला आणि थेट मधोमध लावला. दुपारी व्होल्टेज पडलेलं, मशीन नुसतं घरघरायचं. छिन्नी जिथे धरली तिथेच भोक पाडून अडकायची, ती काढण्यातच अर्धा तास जायचा. संध्याकाळपर्यंत दोन घमेली निघाली आणि भाडं पूर्ण दिवसाचं गेलं.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "कडेची माती काढा ना बाप्पा आधी. पोकळ झालं का मंग फुटते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टिकासाने कडेखालची माती वीतभर उकरली. सब्बल आत घातली, तिच्याखाली दगडाचा टेकू दिला आणि दाबलं. कोबा दोन बोटं उचलला गेला. फटीत विटेचा तुकडा सारला आणि वरून पाच किलोचा घण घातला. तिसऱ्या घावाला पाटासारखा तुकडा सुटला! काँक्रीट दाब सोसतं त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा ताण सोसतं. खाली माती टेकलेली असेल तर घाव मातीत जिरतो, अधांतरी असेल तर ते वाकतं आणि तुटतं. मी आणि बायकोने चार सकाळींत सगळा कोबा काढला, रोज दहाच्या आत काम बंद.

म्हणून उन्हाळ्यातच काढा. माती आकसून कोब्याखाली जागा होते. घणाने ठोकत जा, भद्द आवाज आला तिथून सुरुवात करा. भेगा आहेतच, त्यांचा उपयोग करा.

खरी चिंता मलब्याची करा. तुमचा कोबा साधारण पावणेतीन टन भरेल. आम्ही ट्रॉलीने पांदणीत, म्हणजे शेताच्या वाटेवर, नेऊन टाकला, चिखलाच्या जागी कामी आला. बागेत बारीक चुरा ठेवू नका. सिमेंटमध्ये चुना असतो आणि आपली माती आधीच अल्कधर्मी.

आता ब्रेकरचं. सळई असेल किंवा जाडी सहा इंचांवर असेल तर 1500 वॅटच्या आसपासचा भाड्याने घ्या, सळई कापायला ग्राइंडर लागेल. एका कोब्यासाठी विकत घेऊ नका. भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलने कोबा फुटत नाही, मशीन जळतं. डोळ्यांना चष्मा, तोंडाला धुळीचा मास्क हवाच. खालून पाण्याचा पाइप गेलाय का, तेही आधी बघा.

आणि ब्रेकर लावलाच तरी कडेपासून लावा. दादा आजही पाहुण्यांसमोर म्हणतो की मशीनने कोबा आधीच सैल केला होता. ज्या मधल्या तुकड्यावर त्याने दिवसभर मशीन धरलं, तो आम्ही सर्वात शेवटी काढला. भोकं सोडली तर तो अख्खा होता, आणि तोही माती उकरून सब्बलीनेच उचलावा लागला.