फायरवॉलचं लॉगिंग सुरू केल्यापासून सर्व्हर मधूनच थिजतो. सीपीयू खराब झाला असेल का?

सीपीयू बदलू नका, तो ठणठणीत असणार. तुम्ही लिहिलंय की अडवलेल्या पॅकेटांची नोंद करणारा आयपीटेबल्सचा (लिनक्सच्या फायरवॉलचा) नियम टाकला आणि तेव्हापासून 'आरसीयू स्टॉल'ची (एखादा सीपीयू फार वेळ अडकून पडल्याची) तक्रार येते, दुरून लॉगिन करायचं एसएसएच लटकतं, मग थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं. कर्नल (लिनक्सचा गाभा) 4.9, आणि बूटच्या ओळीत कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश छापायची जागा, सिरियल पोर्टवर, 9600 बॉडने (सेकंदाला 9600 बिट). दुखणं या शेवटच्या आकड्यात आहे.

हिशेब करून बघा. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून 10 बिट लागतात, म्हणजे सेकंदाला 960 अक्षरं. फायरवॉलची एक ओळ साधारण 200 अक्षरांची. एक ओळ बाहेर पडायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो आणि शंभर ओळींना जवळजवळ 21 सेकंद. मूळ कर्नलमध्ये आरसीयू स्टॉलची मर्यादाही 21 सेकंदांचीच आहे.

पण ओळी हळू छापल्या जातात म्हणून मशीन का थांबावं? कर्नलचं छपाईचं फंक्शन प्रिंट-के संदेश आधी मेमरीतल्या बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) टाकतं, तिथवर काम चुटकीसरशी होतं. त्यानंतर ज्या सीपीयूच्या हाती कन्सोलचं कुलूप लागतं, त्याच्याच गळ्यात बफर रिकामा करायचं काम पडतं. तो छापत असताना बाकीचे सीपीयू भर घालत राहतात आणि त्यांच्याही ओळी यानेच छापायच्या. निव्वळ लष्कराच्या भाकऱ्या! 2016 मध्ये 4.5 कर्नलात दोन ओळींच्या मध्ये शेड्यूलरला (सीपीयूची पाळी वाटणाऱ्याला) वाट देण्याची सोय आली, पण ती झोपता येईल अशा संदर्भातच चालते. फायरवॉलचा संदेश पॅकेट हाताळतानाच, सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे कर्नलच्या झोपता न येणाऱ्या कामात, निघतो. तिथे मधेच दुसऱ्या प्रोसेसला सीपीयू देता येत नाही. भरीस भर म्हणजे स्टॉलची तक्रार स्वतःच लांबलचक स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनात अडकलं त्याची यादी) छापते, तोही त्याच केबलवरून.

मी गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. जूनमधल्या एका दुपारी पावसाने वीज गेली. गेटवरून "लायट आयली!" अशी हाक आली आणि दोन मिनिटांत आमचा गेटवे, म्हणजे फायरवॉलचं मशीन, गप्प झाला. कॅमेरे, बारकोड प्रिंटर, सगळे एकदम उठून आपापला सर्व्हर शोधायला ब्रॉडकास्ट (सगळ्यांना हाक) टाकत होते, फायरवॉल ती पॅकेटं अडवत होती आणि प्रत्येकाची नोंद करत होती. मी लॅपटॉपला सिरियल केबल लावून बसलो. अक्षरं डोळ्यांना दिसतील इतक्या सावकाश सरकत होती. ओळीच्या सुरुवातीला कर्नलची वेळ असते ना, ती 310 सेकंद दाखवत होती आणि मशीन चालू होऊन साडेसहा मिनिटं झाली होती. कन्सोल 80 सेकंद मागे! तुमच्याकडेही पुढच्या वेळी हे ताडून बघा. फरक वाढत असेल तर शंकेला जागाच नाही.

आता उपाय. आजच्या आज 'डीमेसेज -एन 4' चालवा. कन्सोलवर मग 4 पेक्षा कमी आकड्याचे, म्हणजे जास्त गंभीर संदेशच जातील. आयपीटेबल्सच्या नोंदी मुळात 4 या पातळीवर असतात, त्या कन्सोलवरून गायब होतील, पण बफरमध्ये राहतील आणि जर्नलमध्येही (सिस्टिमच्या नोंदवहीत) सापडतील. रीबूटनंतर टिकावं म्हणून बूटच्या ओळीत 'लॉगलेव्हल' 4 करा. मग नियमाला 'लिमिट' (ठरावीक वेळात किती नोंदी, याची मर्यादा) जोडा, किंवा त्याहून बरं म्हणजे 'एनएफलॉग' वापरा. त्यात नोंद प्रिंट-केला न शिवता थेट यूजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामकडे, जाते. आम्ही तेच केलं.

बॉड 115200 करा, दोन्ही टोकांना. बारा पट वेग मिळतो. पण एवढ्यावर थांबू नका, त्या वेगातही सेकंदाला 57-58 ओळीच जातात, आणि पॅकेटांचा लोंढा त्याला जुमानत नाही.

जमेल तेव्हा कर्नलही बदला. 4.16 पासून (2018) दुसरा सीपीयू छापायला आला की पहिला छपाईचं काम त्याच्याकडे सोपवून मोकळा होतो. 6.12 मध्ये (2024) कन्सोलला छपाईसाठी स्वतःचा थ्रेड मिळाला, मात्र ड्रायव्हर नव्या पद्धतीत बदललेला असला तरच.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. स्टॉलची मर्यादा 60 सेकंदांवर नेऊन तक्रार बंद पाडू नका, मशीन तेवढाच वेळ थिजत राहील, तुम्हाला कळणार नाही इतकंच. आणि वैतागून सिरियल कन्सोल काढून टाकू नका. कर्नल पॅनिक झाला (सावरता न येणाऱ्या चुकीने बंद पडला) की डिस्कवर बहुधा काहीच लिहिलं जात नाही, शेवटच्या चार ओळी त्या केबलवरच मिळतात.

नियम बदलल्यावरही स्टॉल आला तर त्याचा पूर्ण ट्रेस इथे टाका. त्यात 'कन्सोल अनलॉक' हे बफर रिकामा करणाऱ्या फंक्शनचं नाव दिसतं का ते आधी बघू.