पहिल्यांदाच ब्रेक पॅड बदलताय?

जमेल, घाबरू नका. रोज गायमुख घाट उतरणाऱ्याचे पॅड झिजणारच. सुरुवात पुढच्या चाकांपासून करा. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर वेगळी भानगड असते, ती नंतर.

- सोसायटीच्या उतारावर नको, सपाट जागा बघा. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, खाली स्टँड हवाच.
- कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. मी एकदा सोडला. नळी नवी घ्यावी लागली.
- पॅड दोन्ही चाकांचे एकदम. डॅशबोर्डवर पॅड झिजल्याचा दिवा लागला असेल तर पॅडचा सेन्सरही नवाच, कारण आतली तार घासून तुटलेली असते.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. विसरलात तर पहिला ब्रेक लागतच नाही, आणि समोर नेमकी वॉचमनची खुर्ची असते.