कोरियन मेब्योंग फुलदाणीचं तोंड इतकं अरुंद का असतं?

कारण ती मुळात फुलदाणी नव्हेच, साठवणीची बाटली आहे. चीनच्या मेइपिंग, म्हणजे ‘प्लमची बाटली’, या भांड्यावरून हा घाट कोरियात आला. नावात प्लमचा बहर असला, तरी आत बहुधा मद्य असे. लहान तोंडावर झाकण नीट बसतं.

सगळ्यात सुंदर पुरावा समुद्रातून मिळाला. कोरियातल्या माडो बेटाजवळ बुडालेल्या, मध्ययुगीन गोर्यो राजवटीच्या काळातल्या जहाजाच्या २०१० च्या उत्खननात दोन मेब्योंग निघाल्या, सोबत बांबूच्या पट्ट्या. त्यांवर चक्क लिहिलेलं: एकीत मध, दुसरीत तिळाचं तेल!

संग्रहालयात पाहाल तेव्हा जवळून बघा. अर्धवट सुकलेल्या मातीत नक्षी कोरून त्यात पांढरी माती भरायचे, वर हिरवट झिलई. मध ठेवायच्या भांड्यावर एवढी मेहनत!