आर्किटेक्चरच्या स्टुडिओत ४० मुलं बसतात. कोविडनंतर हवा खेळती राहावी म्हणून नक्की काय बदलायचं?

आधी हिशोब मांडा. स्टुडिओ १२ × ९ मीटर आणि उंची ३.५ मीटर असेल, तर आत ३७८ घनमीटर हवा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये तासाला किमान ५ वेळा हवा बदलण्याचं लक्ष्य दिलं. म्हणजे ताशी १,८९० घनमीटर. एक्झॉस्ट फॅनच्या प्लेटवर हाच आकडा बघा. जाळी आणि लूव्हर (फॅनपुढच्या तिरक्या पट्ट्या) यांमुळे प्रवाह घटतो, म्हणून थोडा जास्तच क्षमतेचा घ्या.

फॅन खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर बसवा. शेजारचीच खिडकी उघडी असेल तर तो तिथूनच हवा ओढतो आणि मधली टेबलं कोंदट राहतात. साधा स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्याच्यावर विसंबू नका.

खरी अडचण मात्र ट्रेसिंग पेपरची! तो उडतो, म्हणून मुलं खिडक्या लावून घेतात. टेबलाच्या उंचीची तावदानं बंद चालतील, वरचे झरोके उघडेच हवेत. शीटचे चारही कोपरे मास्किंग टेपने चिकटवायला लावा.

श्वासाने हवा किती कोंदली ते कळायला कार्बन डायऑक्साइड मीटर लावा, पण तो एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. काही स्वस्त मीटर स्प्रे ॲडहेसिव्हच्या वाफेनेही चढतात. आकडा ८०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ८०० भाग) वर गेला की सगळ्या खिडक्या उघडा, सबमिशनच्या आदल्या रात्री तर नक्कीच.