बायोलॉजी आवडतं, पण नोकरीचं काय?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : मी यावल तालुक्यातली. यंदा बारावी सायन्स झाली, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी). गणित अकरावीलाच सोडलं होतं. सीईटीला बरे गुण आहेत, नीटमध्ये मेडिकलला नंबर लागेल इतके नाहीत. घरी साडेतीन एकर वावर, केळी आणि कापूस. मला बायोलॉजी मनापासून आवडतं. गेल्या वर्षी आमच्या नवती बागेत हरण्या हा केळीचा रोग आला, तेव्हा तो कशामुळे येतो ते वाचत बसायचे. वडील म्हणतात, बी.एस्सी. झालेली किती तरी पोरं गावात बसून आहेत, तू फार्मसी कर. सर म्हणतात, बायोटेक कर. मावशी म्हणते, बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा दे. धाकटा भाऊ दहावीत आहे, दोन वर्षांत त्याचाही खर्च सुरू होईल. काय करू?

उत्तर : वडिलांचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्यांनी जे पाहिलं ते खरं आहे. पण ती पोरं घरी बसली ती बायोलॉजीमुळे नव्हे. साधी तीन वर्षांची बी.एस्सी. ही अर्ध्या वाटेची पदवी आहे आणि पुढच्या अर्ध्या वाटेची तजवीज त्यांनी केलेली नव्हती, हे खरं कारण. म्हणून विषय कोणता आवडतो हे ठरल्यावर दुसरी गोष्ट बघायची: पदवीच्या कागदावर जे नाव छापून येईल, त्या नावावर कोणकोणत्या जाहिरातींचा फॉर्म भरता येतो.

कोणतीही सरकारी जाहिरात काढ आणि 'शैक्षणिक अर्हता' हा रकाना आधी वाच. बँकांतल्या कृषी क्षेत्र अधिकारी या पदाला कृषी, उद्यानविद्या, पशुवैद्यक, वनशास्त्र, अन्नतंत्रज्ञान अशा विषयांची चार वर्षांची पदवी लागते. वनस्पतिशास्त्रातली बी.एस्सी. पहिल्या वर्गात झाली असली तरी हा फॉर्म भरता येत नाही. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला सूक्ष्मजीवशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा कृषी यांतली पदवी चालते, वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्र त्या यादीत नाही. औषध निरीक्षकाला फार्मसी लागते. कृषी सेवा परीक्षेला कृषी. अभ्यासक्रम पाहिले तर यांतला पुष्कळसा भाग सारखाच आहे, पण फॉर्म भरताना नाव बघितलं जातं. बारावीनंतर हे कुणी सांगत नाही आणि पदवी हातात आल्यावर कळून उपयोग नसतो.

तुझ्या पत्रावरून आम्हाला पहिली पसंती बी.एस्सी. कृषी वाटते. ही तडजोड आहे असं मुळीच समजू नकोस. चार वर्षांत आनुवंशिकी आणि वनस्पती प्रजनन, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पती शरीरक्रिया हे सगळं आहे. म्हणजे बायोलॉजीच आहे, फक्त तिला वावराचा पत्ता लागलेला आहे. सोबत मृदाशास्त्र, कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षणही आहे. यातलं काही तुला रुक्ष वाटेल. चौथ्या वर्षी 'रावे' असतं, त्यात कृषिकन्या म्हणून एखाद्या गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. पदवीनंतर स्पर्धा परीक्षा आहेत, एम.एस्सी. कृषी आहे, आणि खत व कीटकनाशकांच्या दुकानाचा परवाना काढायलाही हीच पदवी चालते.

आता खटकणारी बाजू. कृषी पदवीधर भरपूर झाले आहेत आणि सरकारी जाहिराती दरवर्षी ठरल्या वेळी निघत नाहीत. बियाणं आणि औषधांच्या कंपन्यांत सुरुवातीला बहुतेकांना विक्रीचं काम मिळतं: मोटारसायकलवर दुकानं फिरायची, टार्गेट गाठायचं, उधारी वसूल करायची. ते नको असेल तर दुसऱ्या वर्षापासूनच प्रयोगशाळेकडे, म्हणजे रोगशास्त्र, टिश्यू कल्चर, बियाणे तपासणी, माती परीक्षण यांकडे वळायचं मनात धरून चाल.

जळगाव जिल्ह्यात टिश्यू कल्चर केळीचं काम मोठं आहे, म्हणून ते जरा जवळून सांगतो. निवडक झाडाचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटणारं पिल्लू, सोलत सोलत आतला वाढीचा कोंब काढतात, तो निर्जंतुक करून पोषक माध्यमावर बाटलीत ठेवतात. ते माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, १२१ अंश सेल्सिअसला, १५ पौंड दाबावर, १५ ते २० मिनिटं ठेवून निर्जंतुक केलेलं असतं. बाटल्या खच्चून भरल्या तर वाफ मधल्या बाटल्यांपर्यंत नीट पोचत नाही, आणि तीन-चार दिवसांत त्यांत जिवाणू किंवा बुरशी दिसू लागते. एका कोंबापासून फुटवे घेत घेत संख्या वाढवतात, पण ही आवर्तनं मर्यादित ठेवावी लागतात, नाहीतर रोपांत विकृती वाढतात. मग मुळं धरवायची, हरितगृहात आणि नंतर शेडनेटमध्ये रोपं कणखर करायची.

हरण्याचा, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूचा, इथे थेट संबंध येतो. बाटलीत वाढवलं म्हणजे रोप विषाणूमुक्त झालं असं नाही. मातृवृक्षातच विषाणू असेल तर त्याच्यापासून झालेली रोपंही बाधित निघू शकतात. म्हणून मातृवृक्षाची एलायझा किंवा पीसीआर चाचणी करतात. निरोगी रोप लावल्यावरही मावा हा विषाणू शेजारच्या तणांवरून किंवा काकडीवर्गीय पिकांवरून बागेत आणतो. त्यामुळे बागेत काकडी-भोपळ्याचं आंतरपीक घेऊ नये आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावं. तू घरी बसून जे वाचत होतीस, ते कुणाचं तरी रोजचं पगारी काम आहे. मात्र अशा प्रयोगशाळेत बाटल्या हाताळणारे पुष्कळ लागतात आणि चाचणीचा निकाल ठरवणारे थोडे. त्या थोड्यांत जायचं तर एम.एस्सी. लागतेच.

फार्मसीचं म्हणशील तर तीही चांगली पदवी आहे. शरीररचना, औषधशास्त्र, वनौषधी हे विषय तुला आवडतील, पण एकूण ओझं रसायनशास्त्राचं आहे. ऑरगॅनिक केमिस्ट्री नको वाटत असेल तर नुसत्या नोकरीपायी तिकडे जाऊ नकोस. गणित सोडलेल्यांना पहिल्या सत्रात उपचारात्मक गणिताचा पेपर असतो, त्याची भीती नको. कॉलेज निवडताना फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते स्वतः कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपास.

बायोटेकबद्दल आम्ही सरांशी पूर्ण सहमत नाही. बी.एस्सी. बायोटेक बहुतेक कॉलेजांत विनाअनुदानित तुकडी असते, म्हणजे फी जास्त. पदवीनंतर लगेच मिळणारी कामं थोडी आणि कमी पगाराची. हा रस्ता एम.एस्सी. आणि पुढे पीएच.डी. करायची ठाम तयारी असेल तरच धर. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, पण तिथे पोचेपर्यंत किमान पाच वर्षं घरून खर्च लागतो. दोन वर्षांत भावाचाही खर्च सुरू होईल, तेव्हा हा हिशेब वडिलांसमोर कागदावर मांड.

बी.कॉम.ची गरज नाही. बँकेच्या लिपिक-अधिकारी परीक्षांना कोणतीही पदवी चालते, कृषीची पदवी घेऊनही त्या देता येतील.

आता फीबद्दल, कारण इथे चुकलं तर पैसे जातात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अट अशी की प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतूनच झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर जागा घेतली तर सवलत मिळत नाही. 'आत्ताच जागा पक्की करा, नंतर जागा उरणार नाही' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकून कॅप सोडू नकोस. होस्टेल आणि मेस या सवलतीत येत नाहीत, तो खर्च वेगळा धर. कृषी आणि फार्मसी यांच्या कॅप वेगवेगळ्या असतात, दोन्हींची नोंदणी स्वतंत्र कर. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रिमीलेयर आजच फाईलला लाव. कृषीसाठी सातबाराही लागेल. गुण पुरेसे असूनही प्रवेश अडतो तो बहुतेक वेळा नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपल्याने.

कृषीचे पसंतीक्रम भरताना आधी सरकारी, मग खासगी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं घटक महाविद्यालय धुळ्यात आहे, ते यादीत वर ठेव. खासगी कॉलेजांपैकी ज्याला स्वतःचं प्रक्षेत्र, म्हणजे प्रात्यक्षिकाचं शेत आहे, तेच घे. शक्य असेल तर एकदा जाऊन पाहा: पीक उभं आहे का, सूक्ष्मदर्शकं कपाटात आहेत की टेबलावर.

प्रश्न : माझा मुलगा साक्रीला बी.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात बरा आहे. आता वाटतं की ही लाईन चुकली. सोडून दुसरीकडे घालावं का?

उत्तर : सोडवू नका. दुसरं वर्ष चालू आहे, पदवी पूर्ण होऊ द्या. पदवीधराला राज्यसेवेपासून तलाठीपर्यंतच्या परीक्षा खुल्या असतात. वनस्पतिशास्त्राचा थेट उपयोग वनसेवेच्या परीक्षेत होतो. जिल्हा परिषदांच्या २०२३ च्या भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञ पदाला वनस्पतिशास्त्र हा मुख्य विषय असलेली पदवी चालत होती, म्हणून ती जाहिरात पुन्हा निघते का, याकडे लक्ष ठेवा.

एम.एस्सी. करायची तर कुठून करतो, याला फार महत्त्व आहे. तिसऱ्या वर्षात असतानाच जॅम आणि सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षा द्यायला लावा. जॅमचा फॉर्म पावसाळा सरता सरता निघतो आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. फायनलचा निकाल हाती आल्यावर विचार करू, असं म्हणणाऱ्यांचं वर्ष जातं.

प्राध्यापकी डोळ्यासमोर असेल तर स्पष्ट सांगतो. एम.एस्सी.नंतर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते, तिच्यावर फेलोशिप नाही. सेट झालेली कितीतरी मुलं अनुदानित कॉलेजांत तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत आहेत: सुट्टीच्या महिन्यांत मानधन नाही, पुढच्या जूनला बोलावतील याची खात्री नाही. विषयावर जीव असलेली ही माणसं आहेत आणि त्यांची ही अवस्था चीड आणणारी आहे. म्हणून एवढ्या एका आशेवर पाच वर्षं घालू नका. सोबत बी.एड. असेल तर कनिष्ठ महाविद्यालयाची वाट राहते, त्यासाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी (टीएआयटी) आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल.

प्रश्न : मी अक्राणी तालुक्यातला. आमच्याकडे सिकलसेलच्या तपासण्या होतात, तेव्हापासून लॅबचं काम आवडतं. एक क्लासवाले बाहेरच्या राज्यातल्या संस्थेचा डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) सहा महिन्यांत, कॉलेजला न जाता करून देतो म्हणतात. घेऊ का?

उत्तर : घेऊ नकोस. तपासणीचं काम हाताने शिकायचं असतं. सिकलसेलचंच बघ: विद्राव्यता चाचणीत नमुना गढूळ झाला तर विकृत हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. तो माणूस नुसता वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय सांगता येत नाही. हा फरक चुकला तर सोयरीक मोडण्यापासून उपचार राहून जाण्यापर्यंत काहीही होतं.

महाराष्ट्रात काम करायला महाराष्ट्र परावैद्यक परिषदेची नोंदणी लागते. पैसे भरण्याआधी परिषदेकडे त्या अभ्यासक्रमाचं नाव विचार. बारावीला पीसीबी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम चांगला: तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता. तू अनुसूचित जमातीचा असशील तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती आणि आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, दोन्हींचे अर्ज वेगळे भर. एक भरला की दुसरा आपोआप होत नाही.

प्रश्न : मुलगी अकरावीला प्रवेश घेते आहे, अमळनेर. गणित आणि बायोलॉजी दोन्ही ठेवावं का?

उत्तर : दहावीचं गणित तिला स्वतःला जमलं असेल, क्लासच्या जोरावर नव्हे, तर दोन्ही ठेवा. आजची बायोलॉजी आकडेवारी आणि संगणकाशिवाय पुढे जात नाही. आयसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा पाहा: ६० प्रश्न, त्यांत बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित प्रत्येकी १५. गणित सोडलेल्यांनाही ती देता येते, पण ते १५ प्रश्न त्यांना जड जातात. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी हे दोन वेगळे पेपर आहेत, दोन्ही देता येतात. गणित अजिबात जमत नसेल तर मात्र ओढून ताणून ठेवू नका. पीसीबीच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या बायोलॉजीचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथे तो वेळ जास्त कामी येईल. निर्णय सहामाहीच्या आत घ्या, कारण विषय बदलायचा असेल तर कॉलेजकडे त्यानंतर फारशी सोय राहत नाही.